विरजण न लावलेली वाइन

कॅलिफोर्नियाच्या सोनोमा किनाऱ्यावर डेव्हिड हर्श यांनी १९८० साली पिनो न्वार द्राक्षं लावली. आता वाइनरी त्यांची कन्या जॅस्मिन सांभाळते. पॅसिफिकच्या गारव्यात द्राक्षं सावकाश पिकतात, आंबटपणा टिकतो. या पंथातले लोक विकतचं यीस्ट टाळतात. सालीवरच्या, तळघरातल्या यीस्टनंच रस आंबवतात. बँकेच्या भाषेत ही निव्वळ जोखीम. आंबणं मध्येच अडलं, तर अख्ख्या हंगामावर पाणी! तरी मला हा हट्ट पटतो. दरवर्षी तीच चव हवी, हा आग्रह कारखान्याचा. घरचं लोणचं यंदा वेगळं लागलं, म्हणून आपण बरणी परत करतो का? मात्र ‘नैसर्गिक’ म्हणत बिघडलेली बाटली चढ्या भावानं खपवणाऱ्यांची गय नको. रसात काही घालायचं नसेल, तर पिंपं दुप्पट घासायला हवीत.