माशी मरत नाही, वाट विसरते



तुडतुड्यासाठी फवारा मारला, धुऱ्यावर एकही माशी मेलेली दिसली नाही, म्हणजे औषध मधमाशीला चालतं, असं आपल्याकडं सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. मेलेल्या माश्या मोजून हा हिशोब लागत नाही.

माशीला गोड रस लागला की तिच्या मेंदूत ऑक्टोपामीन नावाचं रसायन सुटतं आणि 'हा वास म्हणजे खाणं' अशी गाठ पक्की बसते. 1993 साली बर्लिनमध्ये मार्टिन हॅमर यांनी साखर दिलीच नाही; नुसता वास दिला आणि लगेच हे रसायन सोडणारी एकच चेतापेशी चेतवली. माशीनं तो वास साखर मिळाल्यासारखा लक्षात ठेवला. एकच पेशी, हो!

पण वास आठवणीच्या केंद्रापर्यंत पोचवतं ते दुसरं रसायन, ॲसिटिलकोलीन. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम नेमके त्याच्याच जागेवर जाऊन बसतात. मात्रा भरपूर असली तर कीड मरते. थोडी पोटात गेली तर माशी जगते, पण तिचं शिकणं बिघडतं. 2012 साली फ्रान्समध्ये माश्यांच्या पाठीवर बारीक चिप चिकटवून पाहिलं. थायामेथोक्झामची न मारणारी मात्रा पाजलेल्या बऱ्याच माश्या पोळ्यावर परतल्याच नाहीत. युरोपनं 2018 मध्ये ही औषधं उघड्या शेतात बंद केली.

धानाला माशी लागत नाही, खरं आहे. पण धुऱ्यावरच्या तुरीला तिचा फायदा होतो, आणि वैनगंगेच्या काठच्या कारल्या-भोपळ्याला तर नर फुलातला पराग मादी फुलात नेणारं कोणीतरी लागतंच.

बंदी घाला असं मी म्हणत नाही. तुडतुड्यानं बांधी जळताना ज्यानं पाहिली, त्याला उपदेश गोड लागत नाही. पण चुडाचं बूड न पाहता, शेजाऱ्यानं मारलं म्हणून आपणही मारायचं, हे थांबवा. संध्याकाळी मारणं बरं. तरी ही औषधं आंतरप्रवाही, झाडात मुरतात. म्हणून फुलावरच्या तुरीवर फवारा उडूच देऊ नका. इमिडाक्लोप्रिडला तर आशियात बऱ्याच ठिकाणी तुडतुडा दाद देईनासा झाला आहे. ब्युप्रोफेझीन मज्जातंतूवर नाही, पिल्लांच्या कात टाकण्यावर काम करतं. बुडाशी पिल्लंच जास्त असतील तर आधी त्याची चौकशी करा.

आणि कृषी अधिकारी मंडळी, औषधाचं नाव सांगण्याआधी एक विचारत जा: धुऱ्यावर सध्या काय फुललंय?