दडपशाहीचे श्रेय

दडपशाहीच्या काळात कला अधिक कसदार होते, हे विधान समीक्षेत इतक्या सहजपणे केले जाते की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. चेक चित्रकार पीटर सीस यांचे चरित्र या मताला वरकरणी पोषकच आहे. १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाची सत्ता कम्युनिस्टांच्या हाती गेली. १९४९ मध्ये सीस जन्मले आणि प्रागमध्ये वाढले. ते बालपण त्यांनी ‘द वॉल’ (२००७) या चित्रग्रंथात रेखाटले. २०१२ मध्ये त्यांना हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार लाभला. तेव्हा पोलादी पडद्यानेच हा चित्रकार घडविला, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु तो चुकीचा आहे, आणि अन्यायकारकही आहे.

त्या राजवटीने मुलाच्या हातची पेन्सिल हिसकावून घेतली नाही. तिने काय काढायचे ते ठरवून दिले. घरी मुलगा मनास येईल ते काढी, शाळेत सांगितलेले काढी. तेथे तो रणगाडे आणि युद्धे काढी, आणि त्यात काही वावगे आहे असे त्याला वाटतही नसे. खरी हानी येथेच आहे. बंदी निदान जाणवते. नेमून दिलेले चित्र मात्र मूल आपलेच समजून काढते.

या मुलाची चित्रकला टिकली ती घरामुळे. आई चित्रकार, वडील चित्रपटकार; तेथे कागदावर पहारा नव्हता. ‘द वॉल’मधील रंगयोजनाही हेच सांगते. बहुतेक पाने काळ्या रेषेची, त्यांवर लाल तो झेंड्यांचा आणि तारकांचा. इतर रंग उसळतात ते १९६८च्या वसंतात, बंधने सैल झाल्यावर. २१ ऑगस्ट १९६८ रोजी वॉर्सा कराराच्या फौजा देशात घुसल्या. शाळेत गिरविलेले रणगाडे आता प्रागच्या रस्त्यांवर उभे होते. १९८२ मध्ये कामानिमित्त अमेरिकेत गेलेले सीस तेथेच राहिले.

याच प्रागमधील यिरी त्रंका यांच्या ‘हात’ (१९६५) या बाहुलीपटात, रोपासाठी कुंडी घडविणाऱ्या कलावंताकडे एक अवाढव्य हात हाताचाच पुतळा मागतो. छळाने कलावंत मरतो, तेव्हा तोच हात त्याचा सन्मानपूर्वक अंत्यविधी करतो. १९६९ मध्ये त्रंका वारले. त्यानंतर या चित्रपटावर बंदी आली. दडपशाहीला कलेचे श्रेय देणारी समीक्षा नकळत त्या हाताचेच काम करीत असते.

जे तगले त्यांचीच पुस्तके समीक्षेपुढे येतात. ज्या मुलांच्या घरी असा मोकळा कागद नव्हता, ज्यांचा हात शाळेतल्या रणगाड्यांपाशीच थांबला, त्यांची चित्रे कोणत्याही ग्रंथालयात नाहीत. दडपशाहीने कलेला काय दिले याचा हिशेब मांडताना ती न काढलेली चित्रे प्रथम मोजली पाहिजेत.