गाठ

परवा माझा एक जुना विद्यार्थी फराळाला येऊन गेला. (त्याच्या परवानगीनेच हे लिहितो.) येण्याआधी फोनवर म्हणाला, "सर, सहा महिन्यांमागे मला क्षय झाला. रक्तात एच.आय.व्ही.ही निघाला. दोन्हींची औषधं चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, आता माझ्यापासून कुणाला धोका नाही. तरी येऊ ना?"

"अरे, ये की!" मी म्हणालो खरा, पण फोन ठेवल्यावर मनात पहिला विचार आला तो बशांचा. वाचकहो, सांगायला लाज वाटते, पण खोटे कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी जीवशास्त्राच्या सहकाऱ्याला गाठले. ते हसले. "क्षय पसरतो खोकल्यातून, हवेवाटे. बशीतून यातला एकही रोग येत नाही," म्हणाले, आणि मग सारी हकिगतच सांगितली.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी प्रवाहाबरोबर वाहत असतात. जंतूपर्यंत पोचायचे तर त्यांना आधी थांबता आले पाहिजे. त्यासाठी पेशींच्या अंगावर चिकटणारे रेणू असतात. पेशीवरचा एलएफए-१ हा रेणू रक्तवाहिनीच्या भिंतीवरच्या आयकॅम-१ला धरतो. पेशी थबकते आणि भिंतीतून बाहेर सरकते. फुफ्फुसात अशा पेशी क्षयाच्या जंतूंभोवती दाटीने बसतात. त्यांची गाठ बनते. जंतू मरतोच असे नाही, पण कोंडला जातो. म्हणून तर जंतू अंगात शिरलेल्या शंभरांपैकी ५ ते १० जणांनाच आयुष्यात कधीतरी क्षय होतो.

एच.आय.व्ही. या कामातल्या सीडी-४ पेशींचाच नाश करतो. गाठ सैल पडते, जंतू सुटतात. वर लबाडी अशी, की पेशीतून बाहेर पडताना हा विषाणू तिचाच आयकॅम-१ अंगावर घेऊन निघतो आणि पुढच्या पेशीला अधिक सहज चिकटतो. पाहुण्याने यजमानाचीच शाल पांघरून शेजारच्या घरात शिरावे, तसे! औषधांनी विषाणूची वाढ थांबली, की सीडी-४ पेशी हळूहळू वाढतात; क्षयाचे जंतू क्षयाच्या औषधांनी मरतात.

ठरल्या दिवशी तो आला. चकली खाता खाता म्हणाला, "सर, हे चौथं घर. तिघांनी 'पुन्हा कधीतरी ये' म्हटलं."

फराळ झाल्यावर तो आपली बशी घेऊन मोरीकडे निघाला. सौ.ने ती त्याच्या हातून काढून घेतली आणि तीत आणखी एक करंजी वाढली.

ते मी करायला हवे होते. मी नुसता बघत राहिलो.