पडद्यावरचा शेतकरी आणि पुरस्कारांचे माप

ऑगस्ट २०१० मध्ये अनुषा रिझवी यांचा 'पीपली लाइव्ह' हा चित्रपट देशभर प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्याभोवती कीर्तीचे वलय आधीच निर्माण झाले होते. त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतील सनडान्स महोत्सवाच्या स्पर्धेसाठी तो निवडला गेला होता; जुलैमध्ये दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे पदार्पणाच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान त्याला मिळाला होता. महानगरांतील समीक्षकांनी त्याची मुक्तकंठाने स्तुती केली आणि पुढे ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणूनही त्याचीच निवड झाली. या स्तुतीच्या गजरात एक विरोधी सूर मात्र उमटला, आणि तो पांढरकवड्याचा होता. तेथील किशोर तिवारी यांच्या विदर्भ जनआंदोलन समितीने चित्रपटावर बंदी घालण्याची मागणी केली. सरकारी मदतीच्या पैशासाठी शेतकरी जीव देतो, असा समज हा चित्रपट पसरवितो, असा तिचा आक्षेप होता.

बंदीची मागणी समर्थनीय नव्हती. कलाकृतीला उत्तर द्यायचे ते युक्तिवादाने, कात्रीने नव्हे. परंतु मागणी चुकीची म्हणून आक्षेपही निकालात निघाला, असे मानता येत नाही. ज्या प्रकारच्या मरणांवर हा चित्रपट बेतलेला आहे, ती मरणे ज्या मुलखाने आपल्या गावागावांत पाहिली, त्या मुलखातील संघटनेला तो अन्यायकारक वाटावा आणि हजारो कोसांवरील परीक्षकांना तोच वास्तवदर्शी वाटावा, या विसंगतीचा उलगडा झाला पाहिजे. गौरविलेले चित्रपट त्या गौरवास कितपत पात्र असतात, हा प्रश्न एरवी रसिकांच्या आवडीनिवडीचा ठरतो. शेतकऱ्याच्या बाबतीत तो तेवढाच राहत नाही.

ऑस्करच्या परभाषी चित्रपटांच्या विभागात अंतिम पाचांत स्थान मिळविणारे भारतीय चित्रपट २०२४ अखेरपर्यंत अवघे तीन होते : 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. यांपैकी दोन शेतकऱ्याच्या देण्याविषयीचे आहेत, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. भारताचे दुःख जगापुढे मांडायचे तर शेतकऱ्याइतका समर्थ नायक दुसरा नाही. मात्र त्याचे दुःख ज्या रीतीने मांडले जाते, तिची शहानिशा क्वचितच होते.

मेहबूब खान यांच्या 'मदर इंडिया'ला १९५८ मध्ये नामांकन मिळाले. पाचशे रुपयांच्या कर्जापोटी तीनचतुर्थांश पीक व्याज म्हणून ओढून नेणारा सुखीलाला ही केवळ पटकथाकाराची कल्पना नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५१-५२ मधील शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी जवळजवळ सत्तर टक्के सावकारांचे आणि सहकारी संस्थांचे जेमतेम तीन टक्के, असे त्या पाहणीत दिसून आले होते. तेव्हा या चित्रपटाचा हिशेब खरा होता आणि त्याची कीर्ती सार्थ होती. त्याचा उपाय मात्र तितका खरा नव्हता. सावकार मारला जातो, कालव्याला पाणी येते आणि कथा मिटते. कोरडवाहू कापसाच्या मुलखात कालवा बहुतेक शेतांपर्यंत पोहोचलाच नाही, आणि सावकाराच्या जोडीला बँक, सोसायटी व बी-खते उधारीवर देणारे कृषी केंद्र असे अनेक धनको येऊन बसले. एका सुखीलालाच्या जाण्याने देणे फिटत नाही.

'लगान'चे नामांकन २००२ मधले. १८९३ मधील एका गावाचा सारा क्रिकेटच्या सामन्यावर पणाला लावण्याची ही कथा करमणूक म्हणून उत्कृष्ट आहे आणि तिचा गौरव त्याच नात्याने योग्य आहे. सामना जिंकला जातो, तीन वर्षांचा सारा माफ होतो आणि आभाळही भरून येते. पाऊस आला की सारे मार्गी लागते, ही समजूत शहरी प्रेक्षकाला फार सोयीची असते. यवतमाळच्या शेतकऱ्याचा अनुभव निराळा आहे. पाऊस चांगला झाला, पीक भरघोस आले, की त्याच वर्षी भाव कोसळतो, हे त्याने कितीदा तरी पाहिले आहे.

खरी अडचण येथे आहे. चित्रपटाला खलनायक लागतो आणि शेवट लागतो. कापसाच्या अर्थव्यवस्थेत दोन्ही सापडत नाहीत. बियाणे, खत, फवारणी यांचा खर्च पेरणीपासून सुरू होतो. भाव कळतो तो माल बाजारात गेल्यावर. मधल्या सहा महिन्यांची सारी जोखीम एकट्या शेतकऱ्याची. १९७२ मध्ये सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना तिच्या सर्व दोषांसह ही जोखीम काही अंशी वाटून घेत होती. ती आता इतिहासजमा झाली. २००८ च्या कर्जमाफीत दोन हेक्टरांची मर्यादा घातली गेली आणि जमीन अधिक पण पाणी नाही असा विदर्भातील शेतकरी पूर्ण माफीला मुकला. ऑगस्ट २०२५ मध्ये, नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर, कापसावरील ११ टक्के आयातशुल्क स्थगित झाले आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढविण्यात आली. अधिसूचनेच्या दोन ओळींना मिशा नसतात, चाबूक नसतो. तिच्यावर बंदूक रोखणारा नायक कोणता दिग्दर्शक उभा करणार?

या दृष्टीने पाहिले म्हणजे 'पीपली लाइव्ह'चे सामर्थ्य आणि वैगुण्य दोन्ही स्पष्ट होतात. कर्जापायी जमिनीचा लिलाव होऊ घातलेल्या नत्थाला मेल्यावर मदत मिळते ही कल्पना एक स्थानिक पुढारी टवाळीने सुचवितो. त्यामुळे शेतकरी लोभी आहे असे चित्रपट म्हणतो, हा आरोप तंतोतंत खरा नाही. त्याचा रोख वाहिन्यांच्या आणि राजकारण्यांच्या बाजारबुणगेपणावर आहे व तो अचूक बसला आहे. माती खणून विकणारा आणि एके दिवशी त्याच खड्ड्यात निमूटपणे मरून पडणारा होरी महतो ही तर त्यातील सर्वांत अस्सल व्यक्तिरेखा. परंतु तिला मोजकीच मिनिटे मिळतात. प्रेक्षक घरी घेऊन जातो तो विनोद, आणि त्या विनोदाचे सार 'पैशासाठी मरण' एवढेच उरते.

प्रत्यक्षात हा पैसा किती? महाराष्ट्र शासनाने २००६ मध्ये ठरविलेली मदत एक लाख रुपयांची. त्यांतील तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपात. तीही सर्वांना नाही. कुटुंबाच्या नावे जमीन नसेल, कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे नसेल, तर ते मरण कागदोपत्री 'अपात्र' ठरते. दुसऱ्याची शेती ठेक्याने करणारा आणि हातउसने घेऊन पेरणी करणारा त्यात कोठेच बसत नाही. पतीचा मृत्यू खरोखर कर्जापायी झाला, हे ज्या स्त्रीला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून सिद्ध करावे लागते, तिच्यापुढे हा विनोद फार क्रूर होतो. पांढरकवड्याच्या आक्षेपाचे मर्म हेच होते.

मग अधिक खरे चित्रण कोणाचे? यवतमाळ जिल्ह्यातीलच तेलंग टाकळी या गावी चित्रित झालेला मिखा पेलेड यांचा 'बिटर सीड्स' हा २०११ चा माहितीपट ॲमस्टरडॅमच्या महोत्सवात पर्यावरणविषयक पुरस्कार मिळवून गेला. शेतकऱ्याच्या घरातील एका हंगामाची तगमग त्यात विलक्षण जिव्हाळ्याने टिपली आहे. तथापि त्यालाही खलनायक हवाच होता; तो त्याला बीटी बियाण्यात सापडला. बियाण्याची किंमत व जोखीम ही तक्रार रास्त आहे. पण बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली ती २००२ मध्ये, आणि वरंगळच्या कापूस उत्पादकांच्या आत्महत्या १९९७-९८ च्या. एकाच कारणावर सारा भार टाकला की कथा सुबक होते, निदान मात्र अपुरे राहते.

याउलट सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' २००९ मध्ये रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखविला गेला, वाखाणला गेला. परंतु ऑस्करच्या वाटेवरील गाजावाजा त्याच्या वाट्याला आला नाही. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर आपला नवराही तसेच काही करील या धास्तीने बायको लहान मुलाला त्याच्या पाळतीवर ठेवते, एवढेच त्याचे सूत्र. त्यात चाबूक उगारणारा सावकार नाही. पेरणी, तिची मोडणी, पुन्हा उधारी आणि घरातल्या माणसांची एकमेकांवरची भयभीत नजर आहे. वऱ्हाडी माणसाने पावसाला हासडलेली शिवी शीर्षकातच आहे.

आणखी मागे गेले तर बाबूराव पेंटर यांचा १९२५ मधील 'सावकारी पाश' आठवतो. तेव्हा पुरस्कारही नव्हते आणि नामांकनेही. जमीन गमावलेला शेतकरी (ही भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती) अखेर शहरात गिरणीकामगार होतो. 'पीपली लाइव्ह'च्या शेवटी नत्थाही महानगरातील बांधकामावर मजूर म्हणून दिसतो. पंचाऐंशी वर्षांच्या अंतराने दोन चित्रपटांनी एकच शेवट सांगावा, यात दिग्दर्शकांच्या प्रतिभेइतकीच अर्थव्यवस्थेच्या अपयशाचीही साक्ष आहे.

चित्रपट म्हणजे चौकशी समितीचा अहवाल नव्हे, असे यावर म्हटले जाईल, आणि ते मान्यच केले पाहिजे. मांडणी, अभिनय, धैर्य यांचा निवाडा करण्याचा अधिकार परीक्षकांचा आहे व या चित्रपटांच्या बाबतीत तो त्यांनी बहुधा नीट बजावला आहे. परंतु 'वास्तवदर्शी' हे विशेषण परीक्षकांच्या हातचे नाही. ते देण्याचा अधिकार ज्यांचे वास्तव आहे त्यांच्याकडेच राहतो. कारागिरीच्या पुरस्कारालाच सत्याचे प्रमाणपत्र मानण्याची चूक प्रेक्षक करतात आणि तिची किंमत दुसरेच मोजतात. शेत कधी न पाहिलेला नोकरदार किंवा विद्यार्थी कर्जमाफीविषयी, हमीभावाविषयी मत बनवितो तेव्हा त्या मतामागे एखादे गाजलेले दृश्य असते. तेच मत पुढे मतपेटीत जाते आणि मदतीची प्रकरणे तपासणाऱ्या टेबलावरही जाऊन बसते.

महाविद्यालयांनी, चित्रपट मंडळांनी असे चित्रपट अवश्य दाखवावेत. मात्र त्यानंतरच्या चर्चेत समीक्षकाच्या शेजारी एक खुर्ची कापूस पिकविणाऱ्यासाठी, आणि जमल्यास त्याच्या पश्चात शेती करणाऱ्या स्त्रीसाठी ठेवावी. पडद्यावरचे कोणते खरे आणि कोणते सोयीचे, हे ती चार वाक्यांत सांगू शकेल.