‘फीट.’ नंतरचे नाव कुणाचे? पाहुणा, यजमान आणि आपला पहिला अल्बम

एखाद्या नव्या रॅपरचा पहिला अल्बम आला की आपली पोरे सगळ्यात आधी काय बघतात? गाण्यांची यादी, आणि प्रत्येक गाण्यापुढे ‘फीट.’ लिहून कुणाचे नाव टाकले आहे ते. मोठे नाव दिसले की अल्बम मोठा, आणि एकही नाव नसले की ‘भाऊ अजून लहान आहे’. मिरा-भाईंदरच्या वस्त्यांत मोबाईलवर बीट लावून लिहिणाऱ्या आमच्या पोरांच्या गप्पा याच मापाने चालतात. हे माप कुणी ठरवले, आणि त्यात आपण कुठे बसतो, हा प्रश्न आम्हाला इथे मांडायचा आहे. ही दोन-तीन अक्षरे वरवर साधी दिसतात, पण घर कुणाचे आणि पाहुणा कोण, हे तीच ठरवतात. आणि ज्यांना हजारो वर्षे स्वतःच्याच गावात वेशीबाहेर ठेवले गेले, त्यांनी हा प्रश्न हलक्यात घेऊ नये.

सुरुवात अरिवूपासून करू. तमिळनाडूतल्या अरक्कोणमचा हा आंबेडकरी रॅपर. पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’मधून तो पुढे आला. मार्च २०२१ मध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ आले आणि कोट्यवधी लोकांनी ते ऐकले. त्या गाण्यात त्याच्या आजीची, वल्लियम्माची कहाणी आहे. सिलोनच्या चहामळ्यांत राबलेली आणि परत आल्यावरही भूमिहीनच राहिलेली ती बाई. शब्द अरिवूचे, आवाजातही त्याचा वाटा, इतिहास त्याच्या घराण्याचा. पण गाणे जगापुढे आले ते कसे? ‘धी फीट. अरिवू’. म्हणजे आजी त्याची, शब्द त्याचे, आणि गाण्यात तो पाहुणा!

पुढचे याच साच्यातून आले. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर धी आणि शान विन्सेंट डी पॉल झळकले. अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी जाहीर आवाज उठवला, टीका झाली, तेव्हा अरिवूचे वेगळे डिजिटल मुखपृष्ठ निघाले. जुलै २०२२ मध्ये चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्घाटनात तेच गाणे मंचावर सादर झाले, पुन्हा अरिवूविना. तेव्हा त्याला स्वतःला समाजमाध्यमावर लिहून सांगावे लागले की हे गाणे मी लिहिले आहे. संगीतकार संतोष नारायणन यांनी खुलासा केला की तो तेव्हा परदेशात होता. धीनेही सांगितले की तिने त्याचे श्रेय कधी लपवले नाही. आम्ही कुणाच्या मनात शिरून हेतू तपासत नाही. उलट आमचे म्हणणे असे की हेतू वाईट नसतानाही हे घडते, म्हणूनच ते गंभीर आहे. जात चालायला दर वेळी दुष्ट माणूस लागत नाही. कागदावर कुणाचे नाव आधी आणि कुणाचे नंतर, एवढ्या एका रिवाजावरही ती निवांत चालते.

आणि पैसा? मार्च २०२४ मध्ये स्वतः संतोष नारायणन यांनी जाहीर केले की तीन वर्षांत या गाण्याचा एक रुपयाही आपल्याला मिळालेला नाही. म्हणजे ज्यांचे नाव पुढे होते त्यांच्याही हाती काही लागले नाही. मधली कंपनी आणि करारनामा ही वेगळीच सत्ता आहे, हे आपल्या पोरांनी लक्षात ठेवावे.

याच अरिवूचा स्वतःच्या एकट्याच्या नावाचा अल्बम २०२४ मध्ये आला. त्याचे नाव त्याने ठेवले ‘वल्लियम्मा पेरांडी’, म्हणजे वल्लियम्माचा नातू. आमच्या मते त्या नावातच त्याचे उत्तर आहे. ज्या गाण्यात तो पाहुणा ठरला त्यातली आजी आता यजमान झाली. अल्बम म्हणजे स्वतःचे घर बांधणे. सुट्टे गाणे कुणाच्याही ओसरीवर गाता येते, पण अल्बमचा उंबरठा आपला असतो. कुणाला बोलवायचे, कुठे बसवायचे, हे आपण ठरवतो.

आता महाराष्ट्रात येऊ. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘गली बॉय’ आला आणि मुंबईचा रॅप देशभर गेला. त्याच्या अल्बममध्ये ‘इंडिया ९१’ नावाचे गाणे आहे. विवेक राजगोपालन यांच्या संगीतावर एमसी अल्ताफ, एमसी तोडफोड, १०० आरबीएच, महार्या, नॉक्शस डी आणि एमसी मवाली अशी पोरे त्यात एकापाठोपाठ येतात. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे १०० आरबीएच, मराठीत बोलतो, तर धर्मेश परमार, म्हणजे तोडफोड, गुजरातीत. खऱ्या गल्लीचे खरे आवाज. पण चित्रपट बघून बाहेर पडलेल्या किती जणांना यातली नावे सांगता येतील? तोडफोड २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला, तेव्हा अनेकांना त्याचे नाव पहिल्यांदा कळले. पिक्चर गल्लीचा आणि गल्लीतली पोरे त्यात पाहुणी.

त्याच अल्बममधले ‘आझादी’ आठवा. डब शर्माने २०१६ मध्ये केलेल्या मूळ गाण्यात जेएनयूतल्या घोषणा होत्या, त्यात मनुवादाविरुद्धची घोषणाही होती. चित्रपटात येताना गरिबी राहिली, श्रीमंत-गरीब राहिले, पण मनुवाद गळाला. धारावीवरचा सिनेमा, जिथे तमिळ आणि मराठी दलित कष्टकऱ्यांच्या पिढ्या राबल्या, आणि त्यात जात हा शब्दच नाही! प्रस्थापितांच्या घरी पाहुणे म्हणून गेलात की चप्पल बाहेर काढावी लागते. इथे तर जातीचा प्रश्नच चपलांसोबत बाहेर राहिला.

याच काळात दुसऱ्या प्रकारचे पाहुणेही आले. ऑगस्ट २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या नासची ‘मास अपील’ कंपनी युनिव्हर्सल म्युझिकसोबत भारतात उतरली, आणि डिव्हाइनचा पहिला अल्बम ‘कोहिनूर’ त्याच वर्षी तिच्याकडून आला. पुढच्या ‘पुण्य पाप’मध्ये स्वतः नास गायला, आणि २०२२ च्या ‘गुनहगार’मध्ये जेडाकिससारखी अमेरिकन नावे आली. अंधेरीच्या जेबी नगरच्या पोराने हे मिळवले याचा आम्हाला राग नाही, कौतुकच आहे. कृष्णवर्णीयांशी आपले नाते तर जुनेच आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते, आणि १९७२ मध्ये आपल्या पोरांनी पँथर हे नाव अमेरिकेतूनच उचलले. त्यामुळे ‘रॅप परका आहे, आपली शाहिरी पुरे’ म्हणणाऱ्या आपल्यातल्याच ज्येष्ठांशी आम्ही सहमत नाही. पण बाबासाहेबांनी ड्यू बॉइसना लिहिले ते अस्पृश्यांच्या आणि निग्रोंच्या स्थितीतले साम्य ओळखून, दोन लढ्यांचा दुवा जोडायला. आज मोठे विदेशी नाव अल्बमवर येते ते बहुतेकदा शिक्का म्हणून. दुवा आणि शिक्का यांतला फरक ओळखता आला पाहिजे.

दुवा कसा असतो, याचे उदाहरण मुंबईतच आहे. ‘स्वदेशी’ या गटाचे ‘द वारली रिव्होल्ट’ हे २०१९ चे गाणे. आरेच्या जंगलात मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडायला निघाले होते तेव्हा या पोरांनी आपल्या गाण्यात पाहुणा बोलावला तो आरेतल्याच पाड्यावरचा आदिवासी कार्यकर्ता प्रकाश भोईर. ज्याचे जंगल, त्याचाच आवाज. त्याने गाण्याला बाजारात किती भाव मिळाला ठाऊक नाही, पण गाण्याचा खरेपणा शंभर पटीने वाढला. आपल्याला असे पाहुणे हवेत. आणि आमच्या भाईंदरला हे लांबचे नाही. मेट्रो ९ च्या कारशेडसाठी डोंगरीला बारा हजारांवर झाडे तोडण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये आला. राई, मुर्धा, डोंगरीचे आगरी-कोळी आणि भूमिपुत्र यांच्याशिवाय त्यावर आपल्या पोराने लिहिलेले कडवे अपुरेच राहील.

आमचा मुद्दा असा की पाहुणा निवडणे हा राजकीय निर्णय आहे. जानेवारी २०२४ मध्ये मिरा रोडच्या नया नगरला काय झाले, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. आधी मिरवणुकीवरून हिंसाचार झाला, मग दुकानांवर बुलडोझर चालला. २०२५ मध्ये याच शहरात मराठीच्या प्रश्नावर एका दुकानदाराला मारहाण, मग व्यापाऱ्यांचा मोर्चा, मग त्याला उत्तर म्हणून मराठीचा मोर्चा. त्या आठवड्यात मराठीचे कैवारी गल्लोगल्ली उगवले. आम्ही विचारतो, कुणाची मराठी? काशिमिऱ्याच्या जनता नगरात बीएसयूपीच्या घरांची वर्षानुवर्षे वाट बघणाऱ्या बाईची मराठी कोणत्या मोर्चात होती? वऱ्हाडी ठसक्यात रॅप करणाऱ्या पोराची मराठी या कैवाऱ्यांना शुद्ध वाटते का?

अशा शहरात बौद्ध वस्तीतल्या पोराच्या अल्बममध्ये नया नगरचा मुसलमान पोरगा दखनीत एक कडवे गातो, पाड्यावरची आदिवासी मुलगी तिच्या बोलीत एक कडवे गाते, तर ते शंभर सलोखा सभांपेक्षा खोल जाते. बाबासाहेबांनी स्वातंत्र्य आणि समतेच्या जोडीला बंधुता मागितली. बंधुता कायद्याने आणता येत नाही, ती एकमेकांच्या घरी जाण्या-येण्यातून येते. बीटवर शेजारी-शेजारी उभे राहणे हेही जाणे-येणेच आहे. मात्र ते बरोबरीने हवे. मुलींना फक्त मधल्या गोड ओळींपुरते बोलवायचे आणि कडवी सगळी पोरांनी खायची, हा आपल्याही घरातला ब्राह्मण्याचाच अवशेष आहे. महादेव कोळी समाजातली माही जी स्वतःच्या नावाने रॅप करते, कडूबाई खरात एकतारीवर माणसे रडवतात. या बाया कुणाच्या पुरवणी नाहीत.

कुणी म्हणेल, कला ही कला असते, त्यात नावांचा हिशोब कशाला? हे बोलणाऱ्यांची नावे नेहमी ठळक छापलेली असतात, एवढेच आम्ही सांगू. नावाची किंमत व्यवस्थेला पक्की कळते. एप्रिल २०२३ मध्ये सत्ताधाऱ्यांवर रॅप केला म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर अंबरनाथमध्ये आणि उमेश खाडेवर वडाळा टीटी पोलिसांत गुन्हा दाखल झाला. तिथे लिहिणाऱ्याचे नाव शोधायला कुणाला अडचण आली नाही! श्रेय द्यायच्या वेळी विसरले जाणारे नाव एफआयआर लिहिताना अचूक आठवते. म्हणून आम्ही म्हणतो, जोखमीत नाव आमचे असेल तर मानातही आमचेच हवे.

आपल्या परंपरेत हा प्रश्न कसा सुटला होता तेही बघा. भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा हा एका माणसाचा तमाशा नव्हता. लिहिणारा, गाणारा, ढोलकीवाला, सोंग घेणारा, सगळे मिळून चळवळ गावात नेत. पुढे वामनदादा कर्डकांची गाणी महाराष्ट्राच्या ओठांवर गेली. पण कॅसेटच्या बाजारात लिहिणाऱ्या शाहिराचे नाव कोपऱ्यात गेले, आणि अनेक शाहीर हलाखीतच गेले. १९९७ मध्ये रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवले, तेव्हा या चळवळीच्या आवाजाची किंमत आपल्याला कळायला हवी होती. समूहाची परंपरा टिकवायची तर समूहातल्या प्रत्येकाचे नाव लिहिण्याची शिस्त लागते, नाहीतर ‘सगळ्यांचे’ म्हणता म्हणता ते कुणा तिसऱ्याचेच होते.

म्हणून पहिला अल्बम करायला निघालेल्या आमच्या भावा-बहिणींना काही रोखठोक सूचना.

कायदा वाचा. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा कंपनी कराराने काढून घेऊ शकत नाही. तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. गाणाऱ्याला कलाकार म्हणून आपले नाव जाहीर होण्याचा हक्क याच कायद्याने दिला आहे. लिहिणारे असाल तर आयपीआरएसचे सभासद व्हा.

पाहुण्याला बोलावण्याआधी कागद करा. भाऊ आहे, मित्र आहे, जय भीमवाला आहे, हे सगळे खरे, तरी कागद कराच. कोणी किती लिहिले, कोणाचा किती वाटा, नाव कोणत्या क्रमाने, मंचावर गाणे झाले तर कोण असणार, हे आधीच ठरवा. ज्याने लिहिले तो ‘फीट.’ च्या मागे जाणार नाही, हा नियमच करा.

आणि आमच्या जयंती मंडळांनो, १४ एप्रिलला एका रात्रीच्या डीजेच्या भिंतींवर जो खर्च होतो, त्यातला थोडा भाग बाजूला काढा. तेवढ्यात वस्तीतल्या चार पोरापोरींची गाणी नीट रेकॉर्ड होतील. डीजेचा आवाज पहाटेला संपतो, गाणे राहते. मिरवणुकीत दुसऱ्यांची गाणी किती वर्षे वाजवणार?

संविधानाने या देशात आपल्याला कुणाचे पाहुणे केलेले नाही. ते बाबासाहेबांनी लिहिले आणि आपण त्याचे धनी आहोत. मग गाण्यात तरी पाहुणे म्हणून का उभे राहायचे? पाहुणे जरूर बोलवा, दार उघडे ठेवा, पण दारावरची पाटी आपल्या नावाची असू द्या.

जय भीम!