अर्ज म्हणजे याचना नव्हे

बारावीचा निकाल लागला की दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत आपल्या घरांतून पेढे वाटले जातात. पुढच्या पंधरवड्यात त्याच घरांत दार लोटून हलक्या आवाजात बोलणे सुरू होते. प्रवेश मिळाला, आता फीचे काय? एखादी बांगडी मोडली जाते, मामाकडून उसने आणले जातात, नाहीतर मुलाला सांगितले जाते की यंदा जवळच्या साध्या कॉलेजात जा, पुढचे पुढे पाहू. सरकारी मदतीचा अर्ज भरला का, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : "आपण कुणापुढे हात पसरत नाही."

हा स्वाभिमान आम्हाला कळतो. आपले पणजोबा संस्थानच्या नोकरीत होते, वाड्यात चार माणसे जेवून जात. पण ते दिवस गेले. आज आपल्यातली कितीतरी घरे खासगी नोकरी, छोटे दुकान किंवा आजोबांच्या पेन्शनवर चालली आहेत. अशा वेळी अर्ज न भरणे हा स्वाभिमान नव्हे, मुलाचे नुकसान आहे. हा पैसा आपल्याच कराचा आहे आणि त्यावर पात्र मुलाचा हक्क आहे.

ज्या गावात आपण राहतो त्या गावाला तरी हे सांगावे लागू नये. सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये एका तरुणाला अमेरिकेत शिकायला पाठवले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी असा करार होता. तो तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शिष्यवृत्ती घेतल्याने त्यांना कमीपणा आला नाही, देणाऱ्याचेच नाव झाले. मात्र पुढचा भागही आपण विसरू नये. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तर या शहराने जातीपायी त्यांना राहायला जागा दिली नाही. ही लाज आपल्या सर्वांची आहे. लंडनला ते परत जाऊ शकले ते १९२० मध्ये. मदत मिळणे ही एक गोष्ट आणि ती शेवटपर्यंत टिकणे ही दुसरी, हा धडा शंभर वर्षांनीही तसाच आहे.

आता आजच्या योजनांकडे येऊ. गुजरात सरकारची मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना २०१५ पासून चालू आहे. तिला जातीची अट नाही. बारावीला ८० पर्सेंटाइल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत, या मुख्य अटी. इंजिनिअरिंगच्या पदवीला निम्मी ट्यूशन फी किंवा ५० हजार रुपये यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळते. इथेच आपली घरे पहिली चूक करतात. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. टक्के ऐंशीच्या खाली असले तरी पर्सेंटाइल ऐंशीच्या वर असू शकतात. गुणपत्रिकेवर तो आकडा छापलेला असतो, पण "आपल्याला ऐंशी कुठे आहेत" म्हणून फॉर्मच आणला जात नाही.

दुसरी केंद्राची शिष्यवृत्ती. बोर्डात आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्या आणि उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्यांतून तिची निवड होते, आणि पदवीच्या काळात वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. पण दुसरी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ती मिळत नाही. तेव्हा दोन्हीकडे नाव लावून ठेवू, हा शहाणपणा अंगाशी येतो. कोणती जास्त उपयोगाची हे घरात बसून आधी ठरवा.

तिसरी कर्जाची वाट. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक नामवंत संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदार यांवाचून कर्ज मिळू शकते. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिक्षणाच्या आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात, व्याजात ३ टक्क्यांची सूट आहे. इतर सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत घेणाऱ्याला मात्र ही सूट नाही. आपले कॉलेज त्या यादीत आहे का, हे फी भरण्यापूर्वी पाहावे.

म्हणजे साडेचार, सहा आणि आठ लाख अशा तीन मर्यादा झाल्या. एका योजनेत बसलो नाही म्हणून सगळ्यांतून बाद झालो असे धरून चालू नका. अटी आणि तारखा बदलतात, म्हणून त्या वर्षीची सूचना वाचूनच अर्ज करा.

आता खरे दुखणे. आपल्या मुलांचे अर्ज गुणांवर कमी आणि नावांवर जास्त अडतात. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी. वडील एका कागदावर नुसते सदाशिव, दुसऱ्यावर सदाशिवराव, तिसऱ्यावर कुणीतरी प्रेमाने सदाशिवभाई लिहिलेले. आईच्या नावापुढे कुठे बाई, कुठे बेन. इंग्रजीतले आडनावाचे स्पेलिंग तर भावाभावांत जुळत नाही. आपल्याला वाटते, माणूस तर एकच आहे. यंत्राला तसे वाटत नाही. आमच्या माहितीतल्या एका घरात याच कारणाने अर्ज परत आला. दुरुस्तीसाठी मुलाच्या वडिलांनी तीन रजा टाकल्या आणि शेवटची तारीख निघून गेली. त्या मुलाचे गुण उत्तम होते. फी अखेर आत्याने भरली. प्रत्येकाला अशी आत्या नसते.

म्हणून आमचे सांगणे असे. मूल दहावीत असतानाच सगळे कागद एकत्र ठेवून नाव एकसारखे करून घ्या. बँकेतले खाते मुलाच्याच नावे, चालू आणि आधारशी जोडलेले असू द्या. गुजरातीत ज्याला 'आवकनो दाखलो' म्हणतात तो उत्पन्नाचा दाखला निकालाच्या आधी काढा. जून महिन्यात जनसेवा केंद्रात रांग किती असते हे सर्वांना ठाऊक आहे. आजोबांचे पेन्शन उत्पन्नात धरायचे की नाही, हे शेजाऱ्याला न विचारता दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याला विचारा. आणि पहिल्या वर्षी पैसे आले म्हणून निर्धास्त राहू नका. नूतनीकरणाला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते, आणि त्याचा अर्ज दरवर्षी वेगळा भरावा लागतो. तो विसरला की मदत तिथेच संपते.

पण सगळा दोष घरांच्या माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. अर्ज अडला तर नेमका का अडला, हे विद्यार्थ्याला समजेल अशा शब्दांत लेखी सांगितले पाहिजे, आणि दुरुस्तीला पुरेसे दिवस दिले पाहिजेत. फी आधी भरावी लागते आणि मदत मागाहून खात्यात येते. ती येईपर्यंत गरीब मुलाचा प्रवेश अडवू नये. गणपतीच्या मांडवात आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीत हार घालून घ्यायला जे पुढारी येतात, त्यांच्यासमोर या तीन मागण्या ठेवल्या पाहिजेत. मराठी समाज शांत आहे, सुसंस्कृत आहे, ही स्तुती आम्ही फार ऐकली. शांत माणसाचा अर्ज ढिगात सर्वांत खाली जातो, हाही अनुभव आहे.

आणि आपली मंडळे? नाट्यप्रयोग आणि हळदीकुंकू होतच राहो. पण निकालानंतरचे चार रविवार मंडळाच्या कार्यालयात एक संगणक, एक स्कॅनर आणि समाजातले दोन निवृत्त कारकून बसले, तर किती घरांची पायपीट वाचेल! ज्यांनी आयुष्यभर सरकारी कागद हाताळले, त्यांच्याइतके चांगले मदतनीस दुसरे कोण? मदत येईपर्यंत पहिल्या हप्त्यापुरती बिनव्याजी उचल देणारा छोटा निधीही मंडळाला उभारता येईल. पैसे परत आले की तेच पुढच्या मुलाच्या कामी येतील.

सयाजीरावांच्या नावाने आपण दरवर्षी भाषणे करतो. यंदा भाषण एक कमी करू आणि अर्ज दहा जास्त भरू. ज्यांना येत नाही त्यांनी विचारायला लाजू नये, ज्यांना येते त्यांनी सांगायला कंटाळू नये.