घरकामाची वाटणी आणि घटता जननदर

सरसंघचालक मोहन भागवत यांनी १ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात घटत्या लोकसंख्यावाढीबद्दल चिंता व्यक्त केली आणि जननदर २.१ च्या खाली जाता कामा नये, असे प्रतिपादन केले. महाराष्ट्राने ही मर्यादा पूर्वीच ओलांडली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ साली राज्याचा जननदर २.९ होता, २०१९-२१ मध्ये तो १.७ वर आला. तथापि अपत्यवाढीचा उपदेश ज्या स्त्रीला उद्देशून होतो, तिच्या दिवसाचा हिशेब उपदेशक क्वचितच मांडतात.

तो हिशेब केंद्र सरकारच्याच पाहणीत सापडतो. २०२४ मध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देत होत्या. जे पुरुष घरकामाला हात लावत होते, त्यांची मिनिटे होती ८८. २०१९ साली हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रीची दहा मिनिटे वाचली खरी, परंतु ती पुरुषाने उचललेली नाहीत. त्याचाही वाटा नऊ मिनिटांनी घटलाच.

काशीमीरासारख्या वस्तीत या आकड्यांचा अर्थ उमगतो. मुंबईतील घरे न परवडल्याने येथे आलेल्या कुटुंबाचा घराचा हप्ता एका पगारात भागणे कठीण. लोकलचे स्थानक नसल्याने बसने वा रिक्षाने मीरा रोड गाठायचे, मग गर्दीतून मुंबई. हा प्रवास पती-पत्नी दोघेही करतात. परतल्यावर पोळपाट मात्र एकीच्याच वाट्याला येतो. अशा घरात आजीचा वा पाळणाघराचा आधार नसेल, तर नोकरी सुटते ती बहुधा स्त्रीची. आणि जी नोकरी टिकवते, तिला दुसऱ्या अपत्याचा विचार परवडत नाही.

मथियास डोप्के व फाबियन किंडरमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ साली युरोपीय देशांच्या अभ्यासातून हेच दाखविले: जेथे पुरुष संगोपनात कमी भाग घेतात, तेथे आणखी अपत्यास पत्नीचा विरोध अधिक असतो. अर्थात वाटणी हा रामबाण उपाय नव्हे. स्वीडनने १९७४ मध्ये पित्यालाही पगारी रजेचा हक्क दिला, तरी तेथील जननदर अलीकडे घसरलाच आहे.

आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली. खासगी नोकरीतील पित्याला मात्र कायद्याने एक दिवसही दिला नाही. संगोपन हे मातेचेच काम, असे कायदाच मानत असेल, तर घराने वेगळे का मानावे? अपत्ये किती असावीत, हा निर्णय दांपत्याचा आहे. त्याविषयी बोलू इच्छिणाऱ्यांनी आधी पुरुषांशी, आणि तेही स्वयंपाकघराविषयी, बोलावे.